जेडचे कोरीव चिनी वाडगे आणि त्यांवरची पुरातन नक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयात जेडच्या वाडग्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला हमखास एक प्रश्न पडतो. पाटीवर लिहिलेलं असतं ‘अठरावं शतक’ आणि नक्षीबद्दल लिहिलेलं असतं ‘शांग-चौ शैली’, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची. मग वाडगा खरा केव्हाचा? नक्षी चोरलेली की उसनी? पुढचे सगळे प्रश्न याच एका प्रश्नातून फुटलेले आहेत. गेल्या काही वर्षांत जे पुन्हा पुन्हा विचारले गेले, तेवढे इथे घेतले आहेत.

जेड म्हणजे नेमका कोणता दगड?

एक नाही, दोन. नेफ्राइट आणि जेडाइट. नेफ्राइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सिलिकेट, तर जेडाइट सोडियम-ॲल्युमिनियमचं. हे दोन वेगळे दगड आहेत हे १८६३ साली दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. आपल्याकडे जुन्या दरबारी भाषेत यासाठी फारसीतून आलेला ‘संगेयशब’ हा शब्द होता. चिनी लोक नुसतं ‘यू’ म्हणतात.

चीनमध्ये हजारो वर्षं घडवला गेला तो प्रामुख्याने नेफ्राइट. पांढरा, पिवळसर, राखाडी, पालकाच्या पानासारखा गडद हिरवा, असे त्याचे रंग. सगळ्यांत मोलाचा पांढरा, सायीसारखा दाट आणि किंचित स्निग्ध दिसणारा. त्याला तिकडे ‘मेंढीची चरबी’ म्हणतात. पाचूसारखा झगझगीत हिरवा असतो तो जेडाइट, आणि तो ब्रह्मदेशातून चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर यायला लागला तो अठराव्या शतकात. म्हणून पाचूच्या रंगाचा वाडगा दाखवून कुणी ‘हान काळातला, दोन हजार वर्षं जुना’ असं म्हणालं, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

एवढा कठीण दगड कोरतात कसा?

कोरत नाहीतच. आपण सवयीने ‘कोरीवकाम’ म्हणतो, या पानाच्या शीर्षकातही तोच शब्द आहे, पण छिन्नी-हातोड्याचं हे काम नव्हे. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या दहापर्यंतच्या मोह्ज मोजपट्टीवर नेफ्राइटची काठिण्यता ६ ते ६.५. साध्या पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. शिवाय आतून तो सूक्ष्म तंतूंचा घट्ट विणलेला गुंता असतो, त्यामुळे हातोडीनेही सहजी फुटत नाही. त्यावर उपाय एकच: त्याच्याहून कठीण वाळू पाण्यात कालवायची आणि दगड घासत बसायचं. सहाणेवर चंदन उगाळताना जे होतं तेच, फक्त इथे उगाळायचा असतो दगड आणि वेळ लागतो महिनोन्महिने.

वाळू कोणती, तर गारेची, तांबड्या गार्नेटची, आणि सगळ्यांत जहाल ती कुरुंदाची. कुरुंद हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. धार लावणाऱ्याच्या चाकात असतो तोच. कारागीर एका लाकडी बाकावर बसे. पायाखाली दोन पायटे, त्यांना चामड्याचा पट्टा, पट्ट्याने फिरणारा आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला लोखंडी चकती. चकती स्वतः दगड कापत नाही, ती फक्त ओली वाळू दगडावर फिरवते. पायाने दांडा पुढे-मागे फिरवायचा, एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्याने वाळू सोडत राहायची. १६३७ साली छापलेल्या सोंग यिंगशिंग यांच्या उद्योगधंद्यांवरील ग्रंथात या कामाचं चित्र आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत त्यात फारसा बदल झालेला नव्हता.

वाडगा पोखरायचा तर आधी पोकळ नळीच्या गिरमिटाने आत भोक घेत. मधला दांडका उरतो तो मोडून काढायचा आणि उरलेला भाग आकड्यासारख्या हत्यारांनी आतून घासत बाहेरच्या वळणाशी जुळवायचा. इथे चूक झाली तर सुधारता येत नाही. मातीचं भांडं बिघडलं तर माती परत मळता येते, धातू वितळवता येतो. दगडाचा गेलेला कण गेलाच. शेवटची झिलई लाकडाच्या, चामड्याच्या आणि वाळलेल्या भोपळ्याच्या सालीच्या चाकांवर चढवत. जुन्या वाडग्याची मऊशार चमक या शेवटच्या टप्प्यातली असते.

वाडग्यावरची नक्षी मूळची कुठली?

बहुतेक वेळा जेडची नव्हेच, काशाची. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलं शांग राज्य आणि त्यानंतरचं चौ राज्य यांनी पूर्वजांच्या पूजेसाठी काशाची भांडी ओतली. मांस शिजवायला तीन पायांचं ‘डिंग’, शिजवलेलं धान्य वाढायला दोन कानांचं ‘ग्वेइ’, मद्यासाठी ‘जुए’, ‘गू’, ‘त्सुन’ आणि आणखी कितीतरी. चौ काळात कुणी किती भांडी मांडायची हे दर्जाप्रमाणे ठरलेलं होतं. राजाला नऊ डिंग आणि आठ ग्वेइ. म्हणजे हे साधे टोप-पातेले नव्हते, तर सत्ता आणि श्राद्ध दोन्ही त्यांच्यात एकवटलेली होती.

या भांड्यांवरची नक्षी ठरावीक असते. समोर रोखून पाहणारे दोन डोळे, शिंगं आणि वरचा जबडा असलेला प्राण्याचा मुखवटा, हा थाओथिए. एका बाजूने दिसणारा, एकच पाय असलेला ड्रॅगन, तो ख्वेइ. या सगळ्याच्या मागे पार्श्वभूमी भरून टाकणाऱ्या चौकोनी भोवऱ्यांच्या बारीक ओळी, म्हणजे लेइवेन, मेघगर्जनेची नक्षी. कडेला लटकणाऱ्या निमुळत्या पानांत बसवलेले सिकाडा कीटक. पंधराव्या किंवा अठराव्या शतकातल्या जेडच्या वाडग्यावर हीच सगळी मंडळी भेटतात.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. अशा वाडग्यांच्या बाजूंना पुष्कळदा उभ्या, दातेरी कडा दिसतात, माशाच्या पाठीवरच्या परासारख्या. काशाच्या भांड्यावर त्यांना कारण होतं. शांग ओतारी मातीचा साचा अनेक तुकड्यांत करत. ते तुकडे जुळवून रस ओतला की जोडाच्या जागी धातूची रेघ उठायची. ती तासून टाकण्याऐवजी त्यांनी तिथेच मुद्दाम जाड कड काढली आणि सांधा नक्षीत झाकून टाकला. जेडच्या वाडग्याला साचा नसतो, सांधाही नसतो. तरी कारागीर ती कड ठेवतो, आणि ती उभी राहावी म्हणून आजूबाजूचा सगळा दगड घासून खाली उतरवतो. ओताऱ्याला जी सोय होती, ती जेडच्या कारागिराला सगळ्यांत खर्चीक मेहनत झाली. पुढच्या वेळी काचेच्या कपाटापुढे उभे राहाल तेव्हा ती कड आधी शोधा.

काशाखेरीज दुसरा झरा खुद्द प्राचीन जेडचा. यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या ल्यांगचू संस्कृतीत (इ.स.पू. सुमारे ३३०० ते २३००) बाहेरून चौकोनी, आतून गोल ‘त्सोंग’ आणि मध्ये भोक असलेली ‘बी’ चकती घडवली गेली. त्यांवरही मोठ्या डोळ्यांचा चेहरा आहे. पुढे युद्धमान राज्यांच्या (इ.स.पू. पाचवं ते तिसरं शतक) आणि त्यानंतरच्या हान काळातल्या चकत्यांवर दाण्यांची नक्षी आली: सगळ्या पृष्ठभागावर ओळीने उठवलेले, कोंब फुटल्यासारखे वळलेले छोटे उंचवटे. वाडग्याच्या पोटावर हे दाणे दिसले तर ते काशाचे नव्हेत, जुन्या जेडचेच. हानांकडून आणखी एक पाहुणा आला, छीलोंग. पालीसारखा लवचिक, बिनशिंगी, दुहेरी शेपटीचा ड्रॅगन. वाडग्याच्या काठावरून आत डोकावणारे, पंज्यांनी काठ धरलेले दोन प्राणी कानांच्या जागी असतील तर ते बहुधा हेच.

थाओथिएचा अर्थ काय?

शांग लोकांनी तो लिहून ठेवलेला नाही. नावही त्यांचं नव्हे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात म्हटलं आहे की चौ डिंगांवर थाओथिए असतो, त्याला डोकं आहे पण धड नाही, आणि त्यावरून खादाडपणाविरुद्धचा इशारा सांगितला आहे. पुढे सोंग काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) पंडितांनी काशाच्या भांड्यांवरच्या मुखवट्याला तेच नाव चिकटवलं. अठराव्या शतकातल्या कारागिराला तो मुखवटा देव वाटत नव्हता, तो त्याला ‘प्राचीन’ म्हणून ठाऊक होता. दुकानदार ‘याने भूतबाधा टळते’ असं सांगू लागला तर तो त्याच्या पदरचं सांगतो आहे.

जुन्या घाटाची नक्कल केव्हा सुरू झाली?

आपल्याला वाटतं त्याहून खूप आधी. १९७६ साली आन्यांगला फू हाओ या शांग राणीची कबर सापडली. इ.स.पू. १२०० च्या आसपासची, न लुटलेली. तिच्यात ४६८ काशाच्या आणि ७५५ जेडच्या वस्तू निघाल्या. काशाच्या ग्वेइच्या घाटाची दोन जेडची भांडी त्यांत होती, म्हणजे धातूचा आकार दगडात उतरवण्याची हौस तेव्हाही होतीच. आणि त्याच कबरीत राणीच्याही काळाआधी शेकडो वर्षं घडवलेले जेड होते. ती स्वतः जुन्या वस्तू जपणारी होती!

पण ‘फांगगू’, म्हणजे प्राचीनाला अनुसरून घडवणं, ही जाणीवपूर्वक चळवळ झाली ती सोंग काळात. १०९२ साली ल्यू दालिन यांनी सरकारी आणि खासगी संग्रहांतल्या जुन्या वस्तूंचा सचित्र ग्रंथ केला. पुढे ह्वेइत्सोंग सम्राटाच्या संग्रहाची सूची निघाली, ८३९ काशाच्या वस्तूंची. लाकडी ठशांनी छापलेली ही पुस्तकं दूरदूरच्या कार्यशाळांत पोचली. ज्याने आयुष्यात खरं शांग भांडं पाहिलं नाही असा कारागीरसुद्धा आता चित्रावरून थाओथिए काढू शकत होता. त्याचा परिणाम वस्तूंवर दिसतो: पुष्कळ वाडग्यांवरची नक्षी धातूवरून नव्हे, रेषाचित्रावरून उचललेली आहे. ती सपाट असते, सुबक असते, पण मूळ मुखवट्याचा दरारा तिच्यात नसतो.

मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) सूचौ हे शहर जेडचं मोठं केंद्र झालं. श्रीमंत व्यापारी वाढले होते आणि प्रत्येकाला वाचनाच्या खोलीत ‘प्राचीन’ काहीतरी मांडायचं होतं. तिथल्या लू त्सीगांग या कारागिराचं नाव इतकं गाजलं की नंतरच्या शतकांत कुणाच्याही कामावर ते घातलं जाऊ लागलं. त्यामुळे तळाशी त्याचं नाव दिसलं म्हणजे काही सिद्ध झालं, असं नाही.

छिएनलोंग सम्राटाचं नाव सगळीकडे का येतं?

कारण उत्तम वाडग्यांतला मोठा वाटा त्याच्याच काळातला आहे. १७३६ ते १७९५ अशी साठ वर्षं त्याची राजवट चालली. १७५९ मध्ये त्याच्या सैन्याने पश्चिमेकडचा मुलूख, म्हणजे यारकंद-खोतानचा प्रदेश, ताब्यात घेतला. कुनलुन पर्वतातून खोतानकडे उतरणाऱ्या नद्यांत उत्तम नेफ्राइट मिळतो. त्यांपैकी दोघींची नावंच पांढऱ्या जेडची आणि काळ्या जेडची नदी अशा अर्थाची आहेत. त्याआधी हा दगड व्यापाऱ्यांच्या हातून, थोडाथोडा यायचा. आता तो दरवर्षी खंडणी म्हणून राजधानीत येऊ लागला. साहजिकच वाडगे मोठे झाले, एकाच रंगाच्या निर्दोष शिळेतून जोडीने घडू लागले.

या दगडावर दरबाराची किती करडी नजर होती, हे १७७८ च्या एका प्रकरणावरून कळतं. यारकंदला नेमलेला काओ फू नावाचा अधिकारी चोरून जेड काढून आतल्या प्रांतांत विकताना पकडला गेला. त्याला देहदंड झाला.

छिएनलोंग नुसता हौशी संग्राहक नव्हता, ठाम मतांचा माणूस होता. सूचौच्या बाजारात तेव्हा ‘नवी तऱ्हा’ चालू होती: खूप आरपार जाळी, खूप फुलं, दगड वाया घालवणारी कारागिरी. सम्राटाने कवितांतून तिला ‘जेडवरचं संकट’ म्हटलं. त्याचं म्हणणं, जुन्या भांड्यांकडे बघा, घाट साधा ठेवा. स्वतःच्या काशाच्या संग्रहाची चाळीस खंडांची सूची त्याने १७४९ ते १७५५ या काळात करवून घेतली आणि ती कार्यशाळांना नमुना म्हणून उपयोगी पडली. अशा वस्तूंच्या तळाशी ‘महान छिंग, छिएनलोंग, प्राचीनाला अनुसरून’ अशा अर्थाची अक्षरं घासून काढलेली असतात.

म्हणजे ही बनावट झाली ना?

नाही. जो वाडगा आपल्या तळावर ‘मी प्राचीनाची अनुकृती आहे’ असं लिहून फिरतो, त्याला बनावट म्हणणं अन्याय आहे. बनावट ती, जी नवा दगड भाजून, रंगवून, डाग पाडून थडग्यातून निघाल्यासारखा दाखवते. असलं कामही चीनमध्ये शतकानुशतकं झालं आणि आजही होतं. फरक हेतूचा आहे, आणि तो बऱ्याचदा वस्तूवरच दिसतो.

एखादा वाडगा जवळून पाहायचा तर काय काय पाहावं?

ग्वेइच्या घाटाचा, फिकट हिरवट-पांढऱ्या नेफ्राइटचा अठराव्या शतकातला एक वाडगा समजू. ओंजळीत मावेल एवढा. आधी काठ. किंचित बाहेर वळलेला, बोट फिरवलं तर कुठेही टोचत नाही. काठाखाली अरुंद पट्ट्यात ख्वेइ ड्रॅगन, एकामागे एक. पोटावर थाओथिए, पण नीट पाहिलं तर त्याच्या भुवया आणि शिंगं सुटी होऊन वेलबुट्टीसारखी वळलेली. मुखवटा आहे हे दोन डोळ्यांवरूनच कळतं. शांग भांड्यावर रेघा खोल आणि धारदार असतात, इथे त्या जेमतेम उठावाच्या, आणि उठावाचा माथा सपाट. बाजूला प्राण्यांच्या मुखांतून निघालेले दोन कान. त्यांत अडकवलेल्या सुट्या कड्या.

त्या कड्यांपाशी थांबा. त्या नंतर अडकवलेल्या नाहीत. दगडात चीर नाही, सांधा नाही. वाडगा आणि कडी एकाच शिळेतली. कानाभोवतीचा दगड सर्व बाजूंनी घासत घासत कडी मोकळी केलेली. हलवली की बारीक किणकिण होते. कडी मोकळी होण्याच्या शेवटच्या दिवशी त्या कारागिराचा हात कसा चालला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग वाडगा उजेडापुढे धरायचा. पातळ जागी प्रकाश दुधातून आल्यासारखा आत पसरतो, आणि आत कुठे कापसाच्या पुंजक्यासारखे ढग दिसतात. शेवटी तळ. पायाची कडा आतल्या बाजूने कशी घासली आहे, ते बघा. जिथे कुणी बघणार नाही तिथे कारागिराने किती वेळ दिला, यावरून दर्जा ओळखता येतो.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो खरा आहे. मुघलांचा पांढरा नेफ्राइटही खोतानकडूनच यायचा. एकच दगड पूर्वेला गेला की थाओथिए व्हायचा, दक्षिणेला आला की कमळ. शाहजहानचा १६५७ सालचा मद्याचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: अर्ध्या भोपळ्याचा आकार, एक टोक निमुळतं होत बोकडाच्या मुंडक्यात संपतं आणि तळाशी कमळ.

खोतान-यारकंद हाती आल्यावर मुघल पद्धतीचे जेड छिएनलोंगच्या दरबारात पोचू लागले आणि तो त्यांच्यावर लुब्ध झाला. हिंदुस्थान म्हणजे नेमका कुठला देश, याचा धांडोळा घेणारा लेख त्याने १७६८ मध्ये लिहिला. कागदासारखं पातळ काम म्हणून त्याने या भांड्यांवर कविता केल्या आणि त्या काही भांड्यांवर घासून लिहवूनही घेतल्या. मग त्याच्या कार्यशाळांनी ती पद्धत उचलली: पातळ भिंती, ॲकँथसची पानं, फुलांच्या पाकळ्यांसारखे पाय. म्हणून अठराव्या शतकातल्या चिनी वाडग्यावर काशाची नक्षी नसून कळी-पानांची असेल, तर तो ‘हिंदुस्थानी’ तऱ्हेचा असू शकतो. एकाच सम्राटाच्या कपाटात दोन उसन्या परंपरा शेजारी नांदल्या, एक तीन हजार वर्षं लांबून आलेली, दुसरी हिमालयापलीकडून.

सगळ्यांत मोठा वाडगा कुठला?

बीजिंगच्या बेइहाइ उद्यानाजवळच्या गोल गढीत आहे. कुब्लाई खानाने १२६५ मध्ये मेजवानीत मद्य ठेवण्यासाठी करवून घेतलेला, सुमारे साडेतीन टनांचा. बाहेरून उसळत्या लाटा आणि त्यांत ड्रॅगन व समुद्री प्राणी. कुब्लाईच्या घराण्याची युआन राजवट गेली आणि कालांतराने हा वाडगा एका मठात जाऊन पडला. तिथले ताओ साधू त्यात भाज्यांचं लोणचं मुरवत असत. १७४५ मध्ये छिएनलोंगने तो मोल देऊन परत मिळवला, पुन्हा घासवून घेतला आणि आतल्या बाजूला आपली कविता लिहवली. त्याच्या या दुरुस्तीत मूळचं काम काही ठिकाणी बदललं, याची मला हळहळ वाटते. पण त्याने आणला नसता तर तो लोणच्याच्या खारातच राहिला असता, हेही तितकंच खरं.

या वाडग्यांत कुणी खात-पीत होतं का?

काहींत. छिएनलोंगच्या घराण्याचे, म्हणजे छिंग, राज्यकर्ते मूळचे ईशान्येकडचे मांचू लोक, त्यामुळे दुधाचा चहा हा त्यांच्या दरबारी मेजवानीचा मानाचा पेय-प्रकार, आणि तो जेडच्या वाडग्यांतून दिला जाई. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात सोन्याची तार आणि माणकं जडवलेला असा एक पांढरा वाडगा आहे. बाकी उथळ वाडगे बरेचदा कुंचले धुण्यासाठी टेबलावर असत. ज्यांना बाजारात ‘लग्नाचे वाडगे’ म्हणतात, फुलपाखरांच्या कानांचे, ते नाव पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी रूढ केलेलं आहे. काशाच्या घाटाचे तर बहुतेक नुसते पाहायला आणि मांडायलाच.

घरात जुना हिरवा वाडगा आहे. जेड आहे का, कसं ओळखू?

चाकूने ओरखडून बघू नका. एक घरगुती तपासणी आहे, वस्तूला न दुखावणारी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. वाडगा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, आणि वाडगा मजबूत दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. उत्तर २.९ ते ३.१ आलं तर नेफ्राइटची शक्यता आहे, ३.३ च्या आसपास आलं तर जेडाइटची. २.५ ते २.६५ आलं तर तो सर्पेंटाइन (जेडसारखा दिसणारा, पण मऊ दगड), क्वार्ट्झ जातीचा दगड किंवा काच.

एका परिचितांच्या घरी रंगूनहून पणजोबांनी आणलेला वाडगा होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘जेडचा’ म्हणून जपलेला. कोरडं वजन ४१२ ग्रॅम, पाण्यात काटा १५८ दाखवत होता. भागाकार २.६. तळाच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि जुने ओरखडेही होते, जे नेफ्राइटवर इतके सहज पडत नाहीत. बहुधा सर्पेंटाइन. काकूंचा चेहरा उतरला. पण वाडगा पणजोबांनी आणलेला होता, हे त्या आकड्याने बदललं नाही, आणि तो पुन्हा त्याच फडताळात गेला.

घनता जुळली तरी वय सिद्ध होत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. नेफ्राइट आजही मिळतो आणि आजही घडवला जातो. वयासाठी भिंगाखाली हत्याराच्या खुणा पाहाव्या लागतात. पायट्यावर घासलेली रेघ किंचित थरथरते, तिची खोली कमी-जास्त होते, कोपऱ्यात चकती पुढे सरकल्याची शेपटी राहते. हिऱ्याच्या भुकटीचं विजेवर फिरणारं हत्यार एकसारखी, कोरडी, धारदार रेघ सोडतं. आणि नक्षीची व्याकरणशुद्धता बघावी: थाओथिएचे डोळे एका पातळीत नाहीत, लेइवेनचे भोवरे मध्येच दिशा बदलतात, काशाचा मुखवटा आणि मुघली पान एकाच पट्ट्यात शेजारी बसलं आहे, असं दिसलं तर घडवणाऱ्याला मूळ ठाऊक नव्हतं. याहून भरवशाचा पुरावा म्हणजे कागद: जुनी पावती, जुना फोटो, संग्रहाची नोंद. शंका असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेतून दगडाची खात्री करून घ्या आणि वयासाठी वेगळ्या जाणकाराला दाखवा. ही दोन वेगळी कामं आहेत.

स्वच्छ कसा करायचा?

कोमट पाणी, मऊ कापड, बास. चिंच-मीठ, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नको. दगडाला फार झालं नाही तरी जुनी डागडुजी, जडावाचं सोनं आणि झिलई यांना ते बाधतं. तेलही चोळू नका. सुट्या कड्यांचा वाडगा उचलताना कानाला कधीही धरू नये, दोन्ही हात पोटाखाली घालावेत.

जुना वाडगा परदेशी नेता किंवा परदेशातून आणता येतो का?

भारतात १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षं जुनी कलावस्तू त्याखाली येऊ शकते, आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. नातेवाइकाला भेट म्हणून सुटकेसमध्ये टाकण्याआधी एवढी चौकशी कराच. चीननेही २००७ पासून १९११ च्या आधीच्या वारसा-वस्तू बाहेर नेण्यास मनाई केली आहे. त्यामुळे तिथल्या फिरत्या विक्रेत्याकडून ‘छिएनलोंगचा वाडगा’ घेतला, तर दोनच शक्यता उरतात: तो जुना नाही, किंवा तो आणणं बेकायदा आहे.

आणखी एक. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा जुना ग्रीष्म राजवाडा लुटला आणि ब्रिटिशांनी तो जाळला. तिथले कित्येक जेड युरोपातल्या लिलावांत गेले. आजही अशी वस्तू विक्रीला आली की चीनमध्ये संताप उसळतो, आणि तो रास्त आहे.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळेल?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून चिनी आणि जपानी कलेचा मोठा ठेवा तिथे आला आहे, जेडसकट. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडचं स्वतंत्र दालन आहे आणि तिथे मुघल काम भरपूर दिसतं. नूरजहानची फळं कापायची सुरी, जहांगीरची कट्यार. दोन्ही संग्रहालयं जवळच्या तारखांना पाहता आली तर फारच छान, कारण चिनी आणि हिंदुस्थानी हात एकाच दगडावर कसे वेगळे चालले हे मग पुस्तकाशिवाय कळतं.

जाताना मोबाइलची बॅटरी काचेवर मारू नका, झगमगाटात उठाव दिसत नाही. कपाटाच्या एका कडेला जाऊन, डोळे वाडग्याच्या काठाच्या पातळीवर आणा आणि तिरकं बघा. सपाट वाटणाऱ्या पट्ट्यातून दोन डोळे वर येतील.